पाच झाडायच्या, सहावी मोजायची

मित्रांनो, मी एक जुना हँडप्रेस आहे. ओतीव लोखंडाचा, लाल रंगाचा, म्हणजे एके काळी लाल असलेला. माझ्या कुशीला एक लांब दांडा आहे. तो खाली ओढला की माझ्या पोटातला खांब वर सरकतो, सोडला की खाली येतो. एवढंच माझं शिक्षण आणि एवढंच माझं काम. पण या कामात मी कधी खोटं वागलो नाही. माझ्यासमोर बसून खोटं बोललेला माणूस मात्र मी पाहिला आहे, आणि त्याच्याच घरात आज मला दिवस काढावे लागत आहेत.

मी रिव्हॉल्व्हरची काडतुसं पुन्हा भरतो. दचकू नका! माझ्या हातून गेलेल्या गोळ्यांनी कागदाशिवाय कुणाचं काही फाडलेलं नाही. नेमबाजीच्या क्लबात माणसं कागदी लक्ष्यावर नेम धरतात. बार उडाला की पितळेची रिकामी पुंगळी उरते. शहाणा माणूस ती फेकत नाही. घरी आणतो, पुसतो आणि माझ्यासारख्याकडून तिच्या तोंडात नवी गोळी बसवून घेतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी कॉव्हेंट्रीतल्या एका म्हाताऱ्या इंग्रजाच्या शेडमध्ये गंज खात पडलो होतो. तो गेल्यावर त्याच्या बायकोने सगळं सामान विकायला काढलं आणि १९८३ साली कमलाकर दिघे मला उचलून घेऊन आले. ते मूळचे खडकीचे, टूलमेकर. कॉव्हेंट्रीच्या एका मशीन-टूलच्या कारखान्यात अकरा वर्षं काढलेले. त्यांनी मला घासलं, रंगवलं आणि गॅरेजमधल्या बाकाला चार बोल्टांनी आवळून टाकलं. माझ्या दांड्याची मूठ तुटलेली होती. त्याच आठवड्यात अरुणाकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, लाटणं मोडलं. कमलाकरांनी त्याचा एक तुकडा लेथवर धरला आणि माझ्यासाठी गोल गुळगुळीत मूठ करून आणली. काकू म्हणाल्या, "पोळ्यांचं काम सोडून माझं लाटणं आता बंदुकीच्या कामाला लागलं म्हणायचं!" तोंडाने कुरकुर, पण नंतर येईल त्याला ती मूठ कौतुकाने दाखवायच्या.

गोळी निवडायला बसले की कमलाकरांची समाधी लागायची. "गोळी निवडणं आणि जावई निवडणं सारखंच, नुसत्या तकाकीवर जाऊ नये," असं ते म्हणत. त्यांच्याकडे गोळ्यांच्या दोनच जाती होत्या आणि दोन्ही ते स्वतः साच्यात शिसं ओतून करत. एक चपटी. तिला नाकच नसतं. जवळच्या लक्ष्याला ती अशी गोल, स्वच्छ भोकं पाडते की गुण मोजणाऱ्याला वाद घालायला जागाच उरत नाही. पण अंतर वाढलं की बिचारी डगमगते. दुसरी खांदेवाली. तिला पुढे नाक, मागे खांदा आणि कमरेला एक बारीक खाच. ती दूरवर सरळ जाते. त्या खाचेत मी पुंगळीचे ओठ दाबून धरले की ती हलायचं नाव घेत नाही.

या खाचेचं महत्त्व तुम्हाला कळलं नाही तर माझी पुढची कहाणी कळणार नाही, म्हणून नीट ऐका. रिव्हॉल्व्हरच्या चक्रात सहा घरं असतात. एक बार उडाला की त्याचा हिसका बाकीच्या पाचांनाही बसतो. सगळ्यात शेवटी जिची पाळी, तिने गप्प बसून पाच हिसके सोसायचे असतात. तिला घट्ट धरलेलं नसेल तर प्रत्येक हिसक्याला ती केसभर पुढे सरकते. फार सरकली तर तिचं नाक चक्राबाहेर येतं आणि चक्र अडतं.

म्हणून कमलाकरांचा एक नेम होता. नवा घाणा भरला की क्लबात जाऊन सहातल्या पाचच झाडायच्या. सहावी तशीच परत आणायची, व्हर्नियरच्या, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीच्या, चिमट्यात धरायची, चिमट्याचा बारीक स्क्रू आवळून माप पक्कं करायचं आणि मगच वाचायचं. भरतानाचं माप ते भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर आधीच लिहून ठेवत. दोन्ही जुळली तरच तो घाणा स्पर्धेला. क्लबातले लोक त्यांना हसून 'मिस्टर फाइव्ह' म्हणायचे. कमलाकरही हसायचे, पण सहावी मोजल्याशिवाय राहायचे नाहीत.

१९९७ साली इंग्लंडात कायदा बदलला, अशी रिव्हॉल्व्हर बाळगायला बंदी आली आणि कमलाकरांनी आपलं रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात नेऊन दिलं. घरी येऊन त्यांनी मला तेल घातलं, जुनी चादर पांघरली आणि दिवा मालवला. चार वर्षं मी त्या चादरीखाली होतो. मग लांब नळीचं, दस्त्यामागे दांडी लावलेलं एक विचित्र रिव्हॉल्व्हर परवान्यावर मिळतं असं कळलं. ध्यान दिसायचं ते, पण कमलाकरांच्या जिवात जीव आला. चादर निघाली.

आता त्यांच्या जिवाचा एक सल सांगतो. क्लबाच्या भिंतीवर एक लाकडी पाटी होती. काउंटीच्या दुहेरी स्पर्धेत जी जोडी जिंकेल तिची नावं तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहायची. कमलाकर वीस वर्षं त्या पाटीखालच्या खुर्चीत बसून चहा प्यायले. पाटीवर बेकर होते, टर्नर होते, बापामागून लेकही होते. दिघे नव्हते. त्यांना जोडीच मिळायची नाही. सगळे त्यांच्याकडून गोळ्यांचा सल्ला घ्यायचे, पाठ थोपटायचे आणि स्पर्धेला दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जायचे. "अगं, एकदा तिथे नाव लागलं ना, मग माझं काही मागणं नाही," असं ते काकूंना म्हणाले तेव्हा मी तिथेच होतो.

आणि मग शशिधर आला.

शशिधर लेले पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी आलेला, पस्तिशीचा. महाराष्ट्र मंडळाच्या कोजागरीला ओळख झाली आणि दर शनिवारी तो गॅरेजमध्ये दिसू लागला. कमलाकरांनी त्याला क्लबात नेलं, शिकवलं, परवान्याच्या अर्जासाठी त्याच्याबरोबर खेटे घातले. तो माझ्यावर स्वतःची काडतुसं भरायला शिकला. काकू त्याला गरम थालीपीठ द्यायच्या, मात्र आधी हात साबणाने दोनदा धुवायला लावून. "शिशाच्या हातांनी माझ्या ताटाला शिवायचं नाही," हा त्यांचा कायदा. मुलगी ऋजुता लग्न होऊन वॉटफर्डला गेलेली, घर रिकामं. शशिधर त्या घरात कधी घरचा झाला ते कुणालाच कळलं नाही. मलाही तो आवडायचा. खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांत तो चांगला नेमबाज झाला आणि एका शनिवारी म्हणाला, "काका, यंदा doubles ला आपण दोघं. तुम्ही आणि मी." कमलाकरांनी माझ्या दांड्यावरचा हात काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसत होते.

ते साल २००६. जोडी अंतिम फेरीत पोचली. पण तोवर एक गोष्ट झाली होती, जी मला ठाऊक होती आणि काकूंना नव्हती. कमलाकरांची नजर चालली होती. लांबचं अजून ठीक दिसायचं, जवळचं पुसट होत चाललं होतं. ऑगस्टमध्ये शिसं ओतताना एक धार साच्याबाहेर बाकावर सांडली आणि लाकूड जळलं. त्यांनी त्या डागावर डबा ठेवला. तो डबा मग तिथून हलला नाही.

अंतिम फेरीत एक टप्पा लांबचा होता. चपटी गोळी तिथे चालली नसती. खांदेवाली ओतायला हवी होती, म्हणजे वितळलेल्या शिशासमोर दोन संध्याकाळी.

"काका, एवढा खटाटोप कशाला?" शशिधर म्हणाला. "माझ्याकडे अख्खा box पडून आहे. Copper-plated. एकदम clean, हातसुद्धा काळे होत नाहीत."

कमलाकरांनी त्यातली एक बोटांत घेऊन फिरवली. तांब्याचा मुलामा, गुळगुळीत, नव्या नाण्यासारखी. "हिला खाच नाही रे."

"मग crimp थोडा tight करू ना, ओठ जास्त दाबू."

"ज्याला कंबरच नाही त्याला करदोटा कुठे बांधणार?"

शशिधर मोठ्याने हसला. "काका, तुम्ही पण ना! Internet वर सगळे हेच वापरतात. आणि मला या week मध्ये release आहे ऑफिसात, रोज आठ वाजतात. Casting ला मी नाही येऊ शकणार. तुम्ही एकटे करणार का?"

कमलाकरांनी डब्याकडे पाहिलं. एकट्याने होणार नव्हतं. 'मला दिसत नाही, तू एक दिवस रजा काढ,' असं सांगायला हवं होतं. मित्रांनो, हेच तेवढं आपल्या माणसांना जमत नाही. आपला पोरगा, एवढा हौसेने आला आहे, त्याला कसं अडवायचं? भीड ही भिकेची बहीण असते म्हणतात, ते उगाच नाही. "बरं," ते म्हणाले. "पण सहावी मोजायची."

त्या संध्याकाळी मी त्या गोळ्या बसवल्या. पुंगळीचे ओठ दाबताना मला रोजचा तो घट्ट हुंकार जाणवलाच नाही. ओठ नुसते घसरत होते. ओरडावंसं वाटलं. पण माझ्या नशिबी नुसता दांडा, तोंड कुठलं?

रविवारी दोघं क्लबातून आले. कमलाकरांच्या रिव्हॉल्व्हरमधून पाच झाडून सहावी परत आणली होती. त्यांनी ती व्हर्नियरच्या चिमट्यात धरली, स्क्रू आवळला आणि व्हर्नियर दिव्याखाली डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. पुन्हा जवळ नेला. शशिधर त्यांच्या खांद्याशी उभा होता. व्हर्नियर अगदी माझ्या समोर होता. भिंतीवरच्या मापापेक्षा तीन रेघा जास्त. शशिधरने एकदा पुठ्ठ्याकडे पाहिलं, एकदा व्हर्नियरकडे. त्याला दिसलं. मी शपथेवर सांगतो, त्याला दिसलं.

"तेवढंच आहे ना रे?" कमलाकरांनी विचारलं.

"हो काका, तेवढंच," शशिधर म्हणाला.

त्याचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर नवं होतं, चक्र लांब होतं. गोळी थोडी सरकली तरी तिला जागा होती. कमलाकरांचं जुनं होतं आणि त्यात जागा नव्हती. हे त्याला ठाऊक होतं, कारण हे कमलाकरांनीच त्याला शिकवलं होतं. कमलाकरांनी सहावी डबीत टाकली आणि आवळलेला व्हर्नियर तसाच खिळ्याला अडकवला.

पुढचं मी पाहिलं नाही. स्पर्धेहून आल्यावर कमलाकर गॅरेजमध्ये स्टुलावर बसले आणि काकू दारात उभ्या राहिल्या, तेव्हा ऐकलं.

"शेवटची फेरी होती. आम्ही पुढे होतो, अरुणा. चार गेल्या, चारही मधोमध. आणि चक्र अडलं, उरलेल्यांतली एक जास्तच पुढे सरकली होती. फिरेचना. घड्याळ चालू होतं. स्वतः भरलेल्या काडतुसाने अडलं तर पुन्हा संधी नसते."

"मग शशी काय म्हणाला?"

"स्पर्धेच्या अधिकाऱ्याने काडतुसं पाहिली. 'हू मेझर्ड दीज?' असं विचारलं. शशी म्हणाला, 'मिस्टर दिघे डझ ऑल द मेझरिंग. आय जस्ट पुल द हँडल.'"

"आणि गोळ्या कुणी आणल्या होत्या, ते?"

"ते अधिकाऱ्याने विचारलं नाही."

"आणि तुम्ही सांगितलं नाही!" काकूंचा आवाज चढला. "वा! त्याने हात झटकायचे आणि तुम्ही आ वासून बघायचं!"

पंधरा दिवसांनी क्लबाचं पत्र आलं. भाषा फार गोड. डोळ्यांची तपासणी होईपर्यंत मिस्टर दिघ्यांनी स्वतः भरलेली काडतुसं रेंजवर आणू नयेत, वर्षानुवर्षांच्या सेवेबद्दल आभार. तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की हे परत यायचं नाही. कमलाकरांनी कुणी मागण्याआधीच परवाना परत केला. एक पोलीस बाई आल्या, रिव्हॉल्व्हर, बंदुकीची दारू, उरलेली काडतुसं, सहावीसकट सगळं यादी करून घेऊन गेल्या. जाताना कमलाकरांना 'सर' म्हणाल्या. मला कुणी नेलं नाही, कारण मला परवाना लागत नाही. मी पुन्हा चादरीखाली गेलो.

शशिधरचे शनिवार बंद झाले. आधी काम, मग लेस्टरला नवं घर. कमलाकर कुणाला काही बोलले नाहीत. सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी घात केला. त्यांना स्वतःलाही वाटत होतं, भरतानाच आपल्याला काही नीट दिसलं नसेल. 'माझ्यामुळे पोराची पाटी गेली,' असं ते काकूंना म्हणायचे, आणि चादरीखाली माझं लोखंड तापायचं.

पुढच्या नाताळात ऋजुता आली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. गॅरेज आवरताना तिने खिळ्यावरचा व्हर्नियर काढला. "बाबा, हा locked आहे. काय measure केला होता?"

"ती सहावी. भिंतीवर माप आहे बघ. दोन्ही सारखंच आहे."

तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "नाही बाबा. Same नाही आहे. हा three lines जास्त आहे."

"नीट बघ."

"बाबा, मी दिवसभर हेच करते. हा कोणाला पण दिसेल. Anyone with normal eyes."

कमलाकर स्टुलावर बसले. बाकावर हात टेकायला गेले आणि त्यांच्या हाताने तो डबा पडला. जळका डाग उघडा पडला. ऋजुताने काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. चहा टाक."

आता शेवटचं. २००८च्या उन्हाळ्यात एका शनिवारी शशिधर आला. पेढे घेऊन. नव्या जोडीदाराबरोबर त्याने काउंटीची दुहेरी जिंकली होती, पाटीवर नाव लागलं होतं. काकूंनी पेढ्यांचा पुडा घेतला आणि तसाच बाकावर ठेवला. त्याने इकडची तिकडची चौकशी केली आणि मग म्हणाला, "काका, तुमचा press... तुम्ही आता वापरत नाही ना? असा solid press आता मिळत नाही. मला दिलात तर मी नीट सांभाळीन."

कमलाकरांनी खिळ्याकडे हात नेला, चाचपून व्हर्नियर काढला आणि त्याच्यापुढे धरला. "हे वाचून दाखव."

शशिधरने वाचलं. या वेळी खरं वाचलं.

"त्या दिवशीपासून हा स्क्रू मी सोडलेला नाही. तेव्हाही एवढंच होतं?"

"काका... तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्हाला दिसत नाही हे मी कसं सांगणार होतो? एवढे मोठे तुम्ही. आणि मला वाटलं, केसभराने काय होतंय."

"वाईट वाटलं असतंच," कमलाकर म्हणाले. "ते एक मिनिटभर. मग दोन संध्याकाळी आपण शिसं ओतलं असतं. मी साचा धरला असता, तू ओतलं असतंस. बस, एवढंच होतं."

कमलाकरांनी पाना घेतला आणि डोळे मिटून, बोटांनी चाचपत माझे चारही बोल्ट सोडले. "ने. इथे गंजून काय करणार तो? त्याने कुणाचं काही बिघडवलं नाही."

"थांब जरा," काकू पुढे आल्या. त्यांनी माझ्या दांड्यावरची लाटण्याची मूठ पिळून काढली आणि पदरात घेतली. "एवढं माझं आहे."

आता मी लेस्टरला असतो. छान खोली आहे, वर पांढरा दिवा आहे. दांड्याला मूठ नाही. शशिधर रोज नवीन मूठ आणायची म्हणतो आणि रोज नुसती सळई ओढतो. त्याच्या तळहाताला घट्टा पडला आहे. आता तो खाचेच्याच गोळ्या वापरतो. क्लबातली नवी माणसं शिकायला आली की त्यांना सांगतो, "पाच झाडायच्या, सहावी मोजायची. ही आपली method." आपली! आणि व्हर्नियर आता आकडे दाखवणारा आहे, कुणाला काही विचारावं लागत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना तेल घाला, गंज चढू देऊ नका, हे मी सांगायला हवं. सांगितलं. पण माझं खरं मागणं तेलाचं नाही. तुमच्या घरात कुणीतरी असेल. आजोबा असतील, शेजारचे काका असतील. ते एखादी वस्तू डोळ्यांजवळ नेतील, मग लांब धरतील, पुन्हा जवळ आणतील आणि तुम्हाला विचारतील, "तेवढंच आहे ना रे?" तेव्हा त्यांच्यावर दया करू नका. असेल तो आकडा सांगा आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसा.